ठाऊक असलेलं पाणी आधी मोजा

अहिल्यानगरच्या एमआयडीसीत सन फार्माचा औषधांचा मूळ घटक बनवणारा कारखाना आहे. कंपनीने तो १९९६ मध्ये नॉल फार्माकडून घेतला. अशा कारखान्यांच्या गुणवत्ता तपासणी विभागात (क्यूसी) पावडरीतलं पाणी मोजणं हे नेहमीचं काम. अमॉक्सिसिलिन ट्रायहायड्रेटचंच बघा. त्याच्या एका रेणूमागे पाण्याचे तीन रेणू, म्हणजे हिशेबाने १२.९ टक्के पाणी. आकडा ११.५ ते १४.५ च्या बाहेर गेला की बॅच अडते.

पावडर तापवून वजनातली घट पाहिली, तर पाण्याबरोबर उरलेलं द्रावकही उडतं. म्हणून कार्ल फिशर टायट्रेशन करतात. या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पाण्याच्या एका रेणूमागे आयोडीनचा एक रेणू खर्च होतो. पाणी संपलं की आयोडीन उरू लागतं आणि प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडला ते लगेच कळतं.

पण हे आयोडीनचं रिएजंट स्वतःच हवेतली ओल ओढतं. नगर पर्जन्यछायेत असलं, तरी पावसाळ्यातली हवा उन्हाळ्यासारखी कोरडी नसते. भांड्यात झिरपणारी ही ओल म्हणजे ड्रिफ्ट. तो स्थिर झाल्याशिवाय नमुना टाकू नये, आणि शोषक नळीतलं सिलिका जेल वेळेवर बदलावं.

बाटलीवर एका मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम पाणी लिहिलेलं असलं, तरी ताकद उतरत जाते. म्हणून फॅक्टर, म्हणजे एका मिलिलिटरमागची खरी ताकद, काढायचा. सोडियम टार्ट्रेट डायहायड्रेटमध्ये १५.६६ टक्के पाणी असतं. १५० मिलिग्रॅम टाकलं, तर पाणी २३.४९ मिलिग्रॅम. ४.७० मिलिलिटर रिएजंट लागलं तर फॅक्टर ५.००, ४.८० लागलं तर ४.८९. टार्ट्रेट मेथॅनॉलमध्ये सावकाश विरघळतं. घाई केली, तर कण तळाशी राहतात, रिएजंट कमी लागतं, फॅक्टर फुगतो आणि पुढच्या प्रत्येक नमुन्यात पाणी जास्त दिसतं.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. ज्या टार्ट्रेटने फॅक्टर काढला, त्यानेच अचूकता तपासली, तर फक्त आकडा पुन्हा तोच येतो एवढं सिद्ध होतं. पडताळणीला दुसरं प्रमाण हवं: ग्रॅममागे १० मिलिग्रॅम पाणी असलेलं, प्रमाणपत्रासह येणारं अँप्यूलमधलं द्रव. सिरिंजचं वजन टोचण्याआधी आणि नंतर करायचं. फरक तेवढाच खरा.

त्यानंतर प्रत्यक्ष औषधाची पाळी. नमुन्यात मोजून पाणी घालायचं आणि ते परत मिळतं का बघायचं. युरोपीय फार्माकोपियाची मर्यादा ९७.५ ते १०२.५ टक्के आहे. मात्र व्हिटॅमिन सीसारखा पदार्थ स्वतःच आयोडीन खातो. त्याचं हे खाणं सुरुवातीलाच उरकलेलं असतं, त्यामुळे घातलेलं पाणी बरोबर परत मिळतं आणि मूळ आकडा तरीही चुकलेला राहतो. म्हणून रेणूची रचना आधी वाचावी लागते. उष्णता सोसणारा असा पदार्थ ओव्हनमध्ये तापवून कोरड्या नायट्रोजनबरोबर फक्त वाफ भांड्यात आणतात. मग त्या ओव्हनचीही परीक्षा आलीच. त्यासाठी ५ टक्के पाण्याचं लॅक्टोज मोनोहायड्रेट वापरतात.