डायलिसिसचा पेशंट आणि घरातला वजनकाटा

डायलिसिसचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होऊ शकतो, ही माहिती आता बऱ्याच गटांपर्यंत पोचली आहे. पण मशीन काम करतं ते आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास. मधल्या दिवसांत अंगात साठणाऱ्या पाण्यावर लक्ष ठेवायचं काम घरच्यांचं. आज तेवढंच बोलू.

किडनी निकामी झाली की लघवी कमी होते आणि प्यायलेलं पाणी अंगातच राहतं. पायावर सूज येते, बोटाने दाबलं तर खड्डा पडतो. सकाळी डोळ्यांखाली फुगलेलं दिसतं, बीपी चढतं. पाणी फुप्फुसात उतरलं की आडवं झाल्यावर दम लागतो, माणूस रात्र बसून काढतो.

सूज दिसायच्या आधी वजनकाटा सांगतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. जादा पाणी निघून गेल्यावर पेशंटचं जे वजन असायला हवं, त्याला 'कोरडं वजन' म्हणतात. तो आकडा डॉक्टरांना विचारून वहीत लिहा. मग रोज सकाळी संडास-लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर वजन करा. पेशंट 50 किलोचा असेल तर दोन डायलिसिसच्या मध्ये साधारण 2 किलोच्या आत वाढ राहिलेली बरी. नेमकी मर्यादा डॉक्टर सांगतील. वाढ जास्त झाली की मशीनला पाणी भराभर ओढावं लागतं. मग बीपी उतरतं, पायात गोळे येतात, हृदयावर ताण पडतो.

यात एक खोच आहे. पेशंटचं जेवण तुटलं की अंगातलं मांस झडतं आणि तेवढंच पाणी भरतं. काटा मात्र तोच आकडा दाखवतो. वजन ठीक असून सूज किंवा दम असेल, तर कोरडं वजन पुन्हा ठरवायला सांगा.

आता तहानेचं. 'पाणी कमी पी' असं घरात सगळेच म्हणतात, पण भाजीतल्या मिठाकडे कुणी बघत नाही. मीठ पोटात गेलं की तहान लागणारच. मग तांब्यावरून रोज भांडण! म्हणून आधी लोणचं, पापड, सुकट, खारे बोंबील, फरसाण ताटातून काढा. भाजी अळणी करा, बाकीच्यांनी मीठ वरून घ्यावं. लसूण, जिरं, मिरची, थोडं लिंबू यांनी चव येते. सैंधव हेही मीठच. दुकानातलं 'कमी सोडियमचं' मीठ तर आणूच नका. त्यात पोटॅशियम असतं आणि अशा पेशंटच्या हृदयाला ते घातक ठरतं. साखर वाढली तरी तहान लागते, तेव्हा मधुमेह असेल तर तोही सांभाळा.

डॉक्टरांनी ठरवून दिलेलं दिवसाचं पाणी सकाळीच बाटलीत भरून ठेवा. चहा, ताक, पेज, आमटी घेतली की तेवढं बाटलीतून कमी करा. कलिंगडही पाण्यातच धरा. घसा कोरडा पडला तर चूळ भरून टाकावी. आणि बायांनो, अशा माणसाला 'अर्धा कप तरी घ्याच' असा आग्रह करू नका. चार घरी अर्धा-अर्धा म्हणजे दोन कप झाले.

सगळ्यात जास्त काळजी मला सलाईनची वाटते. अशक्तपणा आला की आपल्याकडे 'एक बाटली लावा' म्हणायची सवय. डायलिसिसच्या पेशंटची ती अख्खी बाटली अंगातच राहते. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी डायलिसिस चालू आहे हे आधी सांगा. फिस्टुलाच्या हाताला सुई लावू देऊ नका, बीपीचा पट्टाही नको.

अचानक दम लागला, फेसाळ खोकला आला किंवा ओठ निळसर पडले तर पेशंटला झोपवू नका. पाय खाली सोडून ताठ बसवा आणि 108 ला फोन करा. डायलिसिसची पाळी परवा असली तरी थांबायचं नाही, त्याच रात्री निघायचं. वजनाची वही सोबत घ्या, तिथल्या डॉक्टरांना ती लागेल.