मालडब्याचा रंग अवकाशयानाला

नांदगाव स्टेशनच्या फलाटावरून मालगाडी जाताना नीट पाहिली तर तिच्यातले दोन डबे क्वचितच एका रंगाचे निघतात. रंगशाळेतून निघाले तेव्हा सगळे तांबूस तपकिरीच होते. पुढे एक उन्हाने विटला, दुसऱ्यावर कोळशाची भुकटी बसली, तिसऱ्याच्या दाराखाली गंजाचे ओघळ उतरले. कुठे दुरुस्तीनंतर एकाच पत्र्याला ताजा हात दिलेला असतो आणि तो चौकोन बाकीच्या डब्यापासून वेगळा उठून दिसतो. मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात, मनमाड आणि चाळीसगावच्या मध्ये वसलेल्या या गावाला अशा गाड्यांचे नवल नाही. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात जी अवकाशयाने जगाने पाहिली, त्यांच्या अंगावरचे डाग, ओघळ आणि ठिगळे याच जातीची होती. इतकेच नव्हे, त्या यानांचा रंगही रेल्वेच्या डब्यांसाठी बनवलेल्या बाटल्यांतून आला होता.

त्या चित्रपटासाठी १९७५ मध्ये इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक ही संस्था उभी राहिली. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइस इथल्या एका गोदामवजा इमारतीत ग्रँट मॅक्यून, लॉर्न पीटरसन, स्टीव्ह गॉली असे कारागीर प्रतिकृती बनवत होते. दिग्दर्शक जॉर्ज लुकसला चकचकीत याने नको होती. वापरलेली, डागाळलेली, डागडुजी करून चालवलेली हवी होती. कारागिरांनी रणगाड्यांच्या, विमानांच्या आणि मोटारींच्या खेळण्यांचे संच आणले आणि त्यांतले सुटे भाग यानांच्या अंगावर चिकटवले. रंगासाठी त्यांनी फ्लोक्विल हाती घेतला. लहान रेल्वेगाड्या बनवणाऱ्या अमेरिकी छांदिष्टांमध्ये हे नाव घरोघरी ठाऊक होते. या रंगांची नावेच सगळी हकिगत सांगतात. ‘रीफर व्हाइट’ हा फळे आणि मांस वाहणाऱ्या शीतडब्यांचा पांढरा. ‘बॉक्सकार रेड’ हा बंद मालडब्याचा तांबडा. ‘ग्राइमी ब्लॅक’ हा इंजिनाच्या काजळीने मळलेला काळा. या सगळ्या विषयात मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. कोणी न पाहिलेल्या आकाशगंगेतले जहाज खरे वाटावे म्हणून कारागिरांनी नव्या रंगाचा शोध लावला नाही. माणसाने रोज पाहिलेल्या, गंजलेल्या, ओझे वाहणाऱ्या वस्तूचा रंग त्यांनी उचलला. प्रेक्षकाच्या डोळ्याला ओळख पटली ती तिथे.

रेल्वेचाच रंग का, याला कारागिरीचे उत्तरही आहे. रंगाच्या डब्यात तीन गोष्टी असतात: रंगद्रव्याची पूड, तिला धरून ठेवणारे माध्यम आणि माध्यमाला पातळ ठेवणारे द्रावक. दार-खिडक्यांना लावायच्या ऑइल पेंटमध्ये पूड त्या मानाने जाडसर असते आणि थर जाड बसतो. दाराला ते चालते. पण प्रतिकृतीवर पत्र्यांचे सांधे म्हणून कोरलेल्या रेषा केसाएवढ्या असतात, आणि ऑइल पेंटचा एक हात त्या बुजवून टाकतो. छांदिष्टांच्या रंगातली पूड फार बारीक दळलेली असते, थर पातळ बसतो आणि वाळल्यावर चमक राहत नाही. फ्लोक्विलमध्ये हे सारे गुण होते, एक दोषही होता. डायो-सोल नावाने विकले जाणारे त्याचे द्रावक इतके तिखट होते की प्लास्टिक त्याने चरचरून फाटे. म्हणून कंपनी बॅरियर नावाचे वेगळे अस्तर विकत असे आणि आधी ते फवारून मगच रंग चढवायचा. पुढे फ्लोक्विल टेस्टर्स कंपनीकडे गेली आणि २०१३ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तेव्हापासून स्टार वॉर्सची याने मूळ मापात बनवणारे लोक जुन्या शिल्लक बाटल्या शोधतात, किंवा दुसऱ्या कंपनीच्या कोणत्या बाटलीत तो रंग सापडेल याचे तक्ते एकमेकांना देतात.

स्टार वॉर्समधल्या एक्स-विंग यानांवरचे लाल पट्टेही एका अडचणीतून आले. प्रतिकृतींचे चित्रण निळ्या पडद्यासमोर होत असे आणि मागाहून निळा तेवढा वगळून तिथे तारे भरले जात. यानावर निळे पट्टे असते तर तेही पडद्याबरोबर नाहीसे झाले असते. म्हणून पटकथेत निळ्या तुकडीत असलेला नायक लूक पडद्यावर लाल तुकडीत आला. आज त्या यानाचा संच बनवणारा कोणत्याही देशातला मुलगा लाल पट्टेच काढतो.

आता नांदगावच्या बाजारपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानाकडे येऊ. रंगाच्या कपाटात रेड ऑक्साइड, स्मोक ग्रे, गोल्डन यलो, सिग्नल रेड ही नावे दिसतात. भारतीय मानक आयएस ५ तयार मिश्र रंग आणि इनॅमलच्या छटांसाठीच आहे. त्यात प्रत्येक छटेला तीन अंकी क्रमांक दिला आहे: गोल्डन यलो ३५६, रेड ऑक्साइड ४४६, सिग्नल रेड ५३७, स्मोक ग्रे ६९२. हे क्रमांक ब्रिटिश मानक ३८१ सी मधून आले, आणि ते मानक १९३० च्या सुमाराचे. त्यातला ६३२ हा डार्क ॲडमिरल्टी ग्रे, म्हणजे ब्रिटिश आरमाराचा करडा. समुद्रापासून इतक्या दूरच्या आपल्या गावांतही यंत्रांना आणि पॅनेलच्या पेट्यांना तो लागतो, आणि कारखान्यातली माणसे त्याला नुसते डीए ग्रे म्हणतात. नांदगाव तालुक्यातच मनमाड आहे, आणि मनमाडला रेल्वे पुलांचे लोखंडी गर्डर बनवणारा कारखाना आहे. पानेवाडीचे तेलाचे डेपो आणि तिथे उभ्या राहणाऱ्या टाकीवाघिणीही याच तालुक्यात. लोखंडावर पहिला हात रेड ऑक्साइडचा, हे इथल्या कोणत्याही पेंटरला सांगावे लागत नाही.

अवकाशयानाचा संच बनवणाऱ्या मुलाला नेमके हेच ज्ञान लागते. लांबी भरणे, पॉलिश पेपरने घोटणे, अस्तर मारणे, एक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा न देणे हा सारा क्रम दाराला जो, तोच वीतभर यानाला. वेगळी असते ती रंगाची पूड आणि हाताची हलकाई.

रंग घरीच मिसळून का घेऊ नये, हा प्रश्न वाजवी आहे. करडा म्हणजे पांढऱ्यात काळा एवढेच वाटते, पण बाजारातल्या बहुतेक काळ्यांत निळसर झाक असते आणि मिश्रण निळे पडते. मग पिवळ्याचा थेंब, मग तांबड्याचा. शेवटी जमलेला करडा ट्यूबलाइटखाली हवा तसा दिसतो आणि उन्हात नेला की हिरवट होतो. दोन रंग एका दिव्याखाली सारखे दिसले तरी त्यांतली द्रव्ये वेगळी असली तर दुसऱ्या दिव्याखाली ते फारकत घेतात. शिवाय ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक पडतो, आणि यान अर्धे रंगवून झाल्यावर मिश्रण संपले तर तेच प्रमाण पुन्हा हाताला लागत नाही. तयार बाटली या सगळ्यातून सोडवते. दहा वर्षांनी यानाचा एखादा पंख तुटला तरी त्याच क्रमांकाची बाटली आणून तो रंगवता येतो.

रंगद्रव्यांचे स्वभावही वेगवेगळे. टायटॅनियमचा पांढरा आणि लोहाचा तांबडा भरीव असतात, एका-दोन हातांत खालचे सारे झाकतात. भडक पिवळे आणि लाल बहुधा पारदर्शक असतात. काळ्या अस्तरावर पाच हात दिले तरी मळकटच दिसतात. लाल पट्ट्याखाली आधी पांढरा किंवा गुलाबी द्यावा लागतो. अनुभवी माणसाच्या पट्ट्याची धार आणि झळाळी पाहून लोक ब्रशचे कौतुक करतात. खरे काम खालच्या हाताने केलेले असते.

तयार बाटल्यांच्या दुनियेत मोठी घराणी आहेत. इंग्लंडमधल्या हल शहरातून निघालेल्या हम्ब्रॉलच्या चिमुकल्या इनॅमल डब्या, जपानमध्ये शिझुओकाच्या तामियाच्या बाटल्या, स्पेनच्या व्हॅयेहोचे थेंबाथेंबाने पिळायचे रंग. यांच्या छटांत मोठा वाटा युद्धातल्या विमानांचा आणि रणगाड्यांचा. तिथे रंगाला खरा आधार असतो, कारण वायुदलाचे कागद, तुटलेल्या विमानाचा पत्रा, काही ना काही सापडते. कल्पित यानाला असा आधार कुठला? म्हणूनच त्याच्यासाठी बाटलीवरचे नाव अधिक वजनाचे ठरते. जपानमध्ये ‘गुंडाम’ ही चित्रमालिका १९७९ मध्ये आली, पुढच्याच वर्षी बांदाईने तिच्या यंत्रमानवांचे संच काढले, आणि मग त्या यंत्रांच्या नेमक्या पांढऱ्या-हिरव्याच्या बाटल्याही आल्या. इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपने सिटाडेल रंगांना मॅक्रॅग ब्लू, मेफिस्टन रेड अशी नावे दिली. मॅक्रॅग हा त्यांच्या कल्पित विश्वातला एक ग्रह आहे. कुठेच नसलेल्या ग्रहाचा निळा रंग दुकानात पैसे मोजून मिळतो, आणि प्रत्येक बाटलीत तो हुबेहूब सारखा असतो.

कल्पित वस्तूचा मूळ रंग शोधणे किती अवघड, याची सर्वांत चांगली साक्ष ‘स्टार ट्रेक’च्या एंटरप्राइझ यानाने दिली आहे. मॅट जेफ्रीजने आराखडा केलेली ही सुमारे ३.४ मीटर लांबीची प्रतिकृती १९६४ मध्ये बांधली गेली आणि १९७४ मध्ये स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आली. वर्षानुवर्षे तिच्यावर दुरुस्त्या आणि नवे रंग चढत गेले. २०१६ मध्ये ती पुन्हा मांडण्यापूर्वी जाणकारांनी तिचा जुना रंग शोधला. साठच्या दशकातला मूळ रंग तिच्या तबकडीसारख्या भागाच्या वरच्या बाजूला शिल्लक होता. त्याला हात न लावता बाकीचे यान त्याच्याशी जुळवून घेतले गेले. पिढ्यानपिढ्या लोक ज्याला पांढरे यान समजत होते, ते खरे तर किंचित हिरवट करडे होते. १९७९ च्या चित्रपटासाठी बनलेल्या नव्या एंटरप्राइझची कथा उलटी आहे. पॉल ओल्सनने तिच्यावर मोतिया झाक असलेले रंग फवारले आणि ती प्रत्येक कोनातून निराळी चमके. पुढच्या चित्रपटात निळ्या पडद्याचा उजेड त्या चमकेत उतरू लागला, म्हणून तंत्रज्ञांनी तिला मंद करून घेतले. इतके सुंदर काम दाबावे लागले याची हळहळ वाटते.

एक बारकावा मला फार आवडतो. विमानांच्या लहान प्रतिकृती रंगवताना मूळ रंगात थोडा पांढरा मिसळण्याचा रिवाज आहे. लांबवरची वस्तू मधल्या हवेमुळे फिकट दिसते, आणि लहान प्रतिकृती ही एका अर्थी लांबून पाहिलेली वस्तूच. पण अवकाशात हवा नाही! तिथे दूरचे यानही जवळच्याइतकेच ठसठशीत दिसणार, म्हणून पांढरा मिसळण्याचे कारण उरत नाही. तरीही पुष्कळ जण मिसळतात, कारण घरातल्या दिव्याखाली गडद करड्यावरच्या बारीक रेषा दिसेनाशा होतात. मला दोन्ही बाजू पटतात, फक्त रंगवणाऱ्याने आपण काय आणि का करतो आहोत हे आधी ठरवलेले असावे.

महाराष्ट्रात लहान प्रतिकृतींच्या रंगकामाची दाद देणारी जागा म्हणजे पुण्यात कोथरूडचे जोशी लघु रेल्वे संग्रहालय. भाऊसाहेब जोशींनी ते १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी उघडले. १:८७ मापाच्या गाड्या, स्थानके, सिग्नल तिथे चालताना दिसतात. अवकाशयान बनवू पाहणाऱ्या मुलाला मी आधी तिथे पाठवीन. फ्लोक्विलचे रंग ज्या छंदासाठी जन्मले तो छंद हाच.

नांदगावात बसून हे काम करायचे तर परदेशी बाटली कुरिअरने मागवावी लागते, आणि द्रावकयुक्त रंग ज्वालाग्राही असल्याने विमानाने पाठवण्यावर निर्बंध आहेत. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक त्यामुळे सोयीचे. तेही नसतील तर शालेय साहित्याच्या दुकानातले ॲक्रिलिक घ्यावेत. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कॅमलिनचे रंग तालुक्याच्या गावीही पोचलेले आहेत. ते कागद-कापडासाठी आहेत, नुसत्या प्लास्टिकवर नखानेही निघतात. म्हणून यान आधी साबणाने धुऊन, वाळवून, अस्तराचा पातळ फवारा द्यावा. रंग दुधाइतका पातळ करावा, एका जाड हाताऐवजी चार विरळ हात द्यावेत. गंजासाठी सुक्या खडूची तांबडी पूड बोटाने चोळली की पुरे, आणि ओघळाची दिशा ठरवायला स्टेशनवर जाऊन मालडब्याच्या बिजागरीखाली पाहावे.

रंगवायला यान कुठले घ्यावे? जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ कथा पाठवली आणि बक्षीस मिळवले. तेव्हापासून मराठी विज्ञानकथेत कितीतरी याने उडाली. त्यांच्यासाठी कोणत्या कंपनीने बाटली काढलेली नाही आणि कोणत्या संग्रहालयात मूळ रंगाचा तुकडा जपलेला नाही. त्यांचा रंग वाचकानेच ठरवायचा आहे. अमेरिकी अवकाश शटलच्या पहिल्या दोन उड्डाणांत, १९८१ मध्ये, बाहेरची मोठी टाकी पांढरी रंगवली होती. पुढे सुमारे २७० किलो वजन वाचावे म्हणून रंग देणेच सोडून दिले, आणि मग टाकी तिच्या फेसाच्या आवरणाच्या गंजक्या नारिंगी रंगातच उडत राहिली. मराठी यानालाही असे कारण असलेला रंग मिळावा असे मला मनापासून वाटते. मी सुरुवात स्मोक ग्रे ६९२ पासून करीन, इंजिनाभोवती रेड ऑक्साइड ४४६ चा हलका हात देईन, धोक्याच्या खुणांना गोल्डन यलो ३५६. किती भाग कशात मिसळले ते लगेच कार्डावर लिहायचे, त्याच कार्डावर रंगाचा एक पट्टा ओढायचा, आणि कार्ड बाटलीला बांधून ठेवायचे. चाळीसगावच्या किंवा येवल्याच्या कुणाला तेच यान बनवायचे असेल तर त्याने एवढे कार्ड मागवावे.