दोन मिनिटांचा उन्हाळा

आपल्याकडे जून उजाडला की छत्र्या बाहेर निघतात, पागोळ्या लागतात आणि शाळा भरतात. अमेरिकेत नेमका तेव्हाच उन्हाळा सुरू होतो आणि शाळांना जे कुलूप लागतं ते ऑगस्ट सरेपर्यंत. रॉक अँड रोलची जुनी गाणी ऐकायची तर हा उलटा हिशेब आधी डोक्यात बसवायला हवा, कारण या संगीताच्या पत्रिकेत जुलै-ऑगस्ट हे महिने पुन्हा पुन्हा भेटतात.

मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विस प्रेस्लीने ‘दॅट्स ऑल राइट’ म्हटलं ते 5 जुलै 1954 रोजी. गाणं मुळात आर्थर क्रडप या कृष्णवर्णीय गायकाचं. बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुद्रित झालं आणि तबकडीच्या मागच्या बाजूला पडून राहिलं. पुढच्या वर्षी ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या चित्रपटाच्या श्रेयनामावलीवर ते वाजलं आणि जुलै 1955 मध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन आठ आठवडे तिथेच ठाण मांडून बसलं. चक बेरीचं ‘मेबलीन’ बाजारात आलं तेही त्याच जुलैत.

हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. सुट्टीत पोरांकडे वेळ असे, आणि हॉटेलात बशा विसळून किंवा पेट्रोल पंपावर काचा पुसून चार पैसेही हाती येत. ऑक्टोबर 1954 मध्ये रीजेन्सी टीआर-1 हा खिशात मावणारा ट्रान्झिस्टर आला. किंमत 49.95 डॉलर. तेव्हा किमान वेतन होतं ताशी 75 सेंट. म्हणजे एका रेडिओसाठी 66 तासांहून जास्त राबायचं! त्यामुळे सुरुवातीची बरीच वर्षं पोरांची भिस्त घरच्या जुन्या रेडिओवर आणि वडिलांच्या मोटारीतल्या रेडिओवर. मोटारीची किल्ली वडिलांच्या खिशात, हा तपशील विसरू नका, पुढे लागेल.

रात्र झाली की या रेडिओत जादू होई. सूर्य मावळल्यावर वातावरणातला आयनांचा सर्वांत खालचा थर विरतो आणि दिवसा त्यात शोषल्या जाणाऱ्या एएम लहरी वरच्या थरावरून परतून शेकडो मैल लांब उतरतात. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएलएसी केंद्राची ताकद 50,000 वॉट. रात्री ते कृष्णवर्णीयांचं ऱ्हिदम अँड ब्लूज लावी आणि कुठल्या तरी दूरच्या गावातला गोरा पोरगा उशीखाली रेडिओ दाबून ते ऐकत पडे. ज्या माणसांशेजारी बसून जेवायची त्याच्या गावात चाल नव्हती, त्यांचा आवाज मात्र थेट त्याच्या कानाशी. रॉक अँड रोल गोऱ्या घरांत शिरलं त्यात आकाशातल्या या थराचाही हात आहे.

पण माझ्या मते या सगळ्या काळाचं सार एकाच गाण्यात आहे. एडी कॉक्रनचं ‘समरटाइम ब्लूज’. जुलै 1958 मध्ये ते आलं तेव्हा कॉक्रन 19 वर्षांचा होता. जेरी केपहार्ट या त्याच्या व्यवस्थापकाबरोबर त्याने ते लिहिलं आणि हॉलिवूडच्या गोल्ड स्टार स्टुडिओत मुद्रित केलं. गंमत म्हणजे हेही तबकडीच्या मागच्या बाजूचं गाणं. पुढच्या बाजूचं ‘लव्ह अगेन’ शॅरन शीली या मुलीने लिहिलं होतं. ते आज कुणाला आठवत नाही. (शीलीबाईंबद्दल वाईट वाटून घेऊ नका. 4 ऑगस्ट 1958 रोजी ‘बिलबोर्ड’ने ‘हॉट 100’ ही यादी सुरू केली, तिच्यातलं पहिलंवहिलं अव्वल गाणं, रिकी नेल्सनचं ‘पुअर लिटल फूल’, तिचंच.)

नीट कान देऊन ऐका. सुरुवातीला अकूस्टिक गिटारच्या तारांवर चापून मारलेले झटके, त्यांच्या पोटात बेस, आणि लगेच टाळ्या. आपल्या भजनातल्या टाळ्या पसरट असतात. या मोजून मारलेल्या, कोरड्या. गिटारचे पदर कॉक्रनने स्वतःच एकावर एक चढवले. ड्रम्सवर अर्ल पामर, लिटल रिचर्डच्या ‘टुटी फ्रुटी’त ज्याने न्यू ऑर्लिन्सला दणका उडवून दिला होता तोच. कडव्यात पोरगा आपलं रडगाणं सांगतो. साहेब उशिरापर्यंत राबवून घेतो म्हणून मैत्रिणीला भेटणं बुडतं. कामावर दांडी मारली म्हणून घरी मोटार मिळत नाही. शेवटी तो थेट लोकप्रतिनिधीकडे दाद मागतो, तर तो म्हणतो की मतदानाचं वय नाही तुझं, तेव्हा क्षमस्व. दर वेळी वाद्यं थबकतात आणि खर्जातला एक जाडा आवाज नकार सुनावतो. तो आवाजही कॉक्रनचाच. अर्जदार तोच, अर्ज फेटाळणारा साहेबही तोच.

सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा नाही. यादीत ते आठव्या क्रमांकापर्यंत चढलं.

या गाण्यांना आपण सर्रास ‘मौजेची गाणी’ म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. यातली चांगली गाणी हुकलेल्या मौजेची आहेत. ‘अप ऑन द रूफ’ घ्या. 1962 चं, ड्रिफ्टर्स या कृष्णवर्णीय चमूचं. लिहिलं गेरी गॉफिन आणि कॅरल किंग या नवराबायकोने, तो 23 वर्षांचा, ती 20 ची. न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात ज्यांना समुद्र परवडत नाही त्यांनी जायचं कुठे? जिना चढून गच्चीवर. चाळीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. त्याच चमूचं ‘अंडर द बोर्डवॉक’ ऐकताना मात्र वाळू, सावली, दुपारची सुस्ती असा सगळा थाट दिसतो. पण 21 मे 1964 ला ते मुद्रित झालं त्याच्या आदल्याच दिवशी त्यांचा गायक रूडी लुईस गेला होता. जॉनी मूरने उभं राहून गाणं निभावलं. हे कळल्यापासून त्यातली व्हायोलिनं मला वेगळी ऐकू येतात.

आणि समुद्र तरी सगळ्यांचा कुठे होता? मेरीलँडमध्ये अ‍ॅनापोलिसजवळ कार्स बीच नावाची चौपाटी होती, कृष्णवर्णीय कुटुंबाच्या मालकीची, कारण इतर चौपाट्यांवर त्यांना मज्जाव. चक बेरी, लिटल रिचर्ड हे तिथे येऊन गात आणि डब्ल्यूएएनएन केंद्रावरून हॉपी अ‍ॅडम्स त्या मैफली घरोघर पोचवी. याच चक बेरीच्या ‘स्वीट लिटल सिक्स्टीन’ची चाल उचलून बीच बॉइजनी 1963 मध्ये ‘सर्फिन यूएसए’ केलं आणि कॅलिफोर्नियाच्या गोऱ्या किनाऱ्याचं ते जणू राष्ट्रगीत होऊन बसलं.

या गाण्यांना ‘ओल्डीज’ केव्हा म्हणू लागले? 1959 मध्ये! आर्ट लाबो हा लॉस एंजेलिसचा निवेदक एका ड्राइव्ह-इन उपाहारगृहातून कार्यक्रम करी. मोटारीत बसून बर्गर खाणारी पोरं दोन-चार वर्षांपूर्वीची गाणी पुन्हा पुन्हा मागतात हे त्याच्या ध्यानात आलं आणि ‘ओल्डीज बट गुडीज’ नावाची तबकडी त्याने काढली. जेमतेम पाच वर्षांच्या पोराला आजोबा ठरवलं, पण ती तबकडी तीन वर्षं यादीवरून हलली नाही. पुढे 1973 मध्ये जॉर्ज लुकासने ‘अमेरिकन ग्राफिटी’ केला. 1962 च्या सरत्या उन्हाळ्यातली एक रात्र, मोटारीतून गावभर भटकणारी पोरं आणि प्रत्येक मोटारीत तोच रेडिओ. त्यानंतर ‘रॉक अराउंड द क्लॉक’ पुन्हा यादीत आलं, वीस वर्षांनी.

आपल्याकडे ही लाट लवकर पोचली. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी 1957 च्या ‘आशा’त ‘ईना मीना डीका’ दिलं, हेलीच्या त्या उन्हाळ्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी. आशाबाईंचं आणि किशोरकुमारचं, दोन्ही ऐकावं. ठेका तिकडचा, खट्याळपणा अस्सल इथला.

ऐकायचीच तर ही गाणी मे महिन्यात ऐका, दुपारी, पंखा गरगरत असताना आणि लहानशा स्पीकरवर. दुरुस्त करून चकचकीत केलेल्या आवृत्त्यांच्या नादी लागू नका. ही गाणी मोटारीतल्या एका स्पीकरसाठी घडवलेली आहेत. तिथेच ती दाणेदार वाजतात.

त्या मतदानाचं सांगायचं राहिलं. अमेरिकेत तेव्हा मतदानाचं वय 21 होतं. ते 18 झालं 1971 मध्ये, आपल्याकडे 1989 मध्ये. कॉक्रनला 21 वं लागलं 3 ऑक्टोबर 1959 रोजी. पुढच्या एप्रिलमध्ये तो इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. टॅक्सीत शॅरन शीली आणि गायक जीन व्हिन्सेंटही होते. चिपनहॅमजवळ टॅक्सी दिव्याच्या खांबावर आदळली. ते दोघे वाचले. कॉक्रन 17 एप्रिल 1960 रोजी गेला. केनेडी आणि निक्सन यांची निवडणूक त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये होती.