बांध किती तास धरतो?

रासायनिक कारखान्यात साठवण टाक्यांभोवती काँक्रीटची बुटकी भिंत असते. प्लांटवरची माणसे तिला डाइक म्हणतात. टाकीला भोक पडले, फ्लँज सुटली किंवा टँकर खाली करताना होज निसटला, तर सांडलेला माल त्या चौकोनातच राहावा यासाठी ती बांधलेली असते. तिची उंची आकारमानाच्या हिशोबाने ठरते. ब्रिटनमध्ये आतल्या सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के माल मावावा असा प्रघात आहे. आपल्याकडच्या तेल उद्योगाच्या मानकांतही सर्वांत मोठी टाकी पूर्ण रिती झाली तरी तो माल डाइकच्या पोटात राहावा, हीच कसोटी. हिशोब बरोबर आहे, पण अर्धा. लांबी, रुंदी, उंचीच्या गुणाकारातून माल मावेल की नाही ते कळते. मावलेला माल किती वेळ थांबेल ते कळत नाही. हा वेळ बहुतांशी ठरवतो काँक्रीटवरचा दोन-तीन मिलिमीटरचा लेप. तेव्हा डाइक मोजायची तर लिटरच्या जोडीला तासांतही मोजली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

काँक्रीट डोळ्यांना दगडासारखे दिसते, पण रसायनाच्या लेखी ते अल्कलीने भिजलेला स्पंज आहे. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुनाच, तयार होतो आणि काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा सामू साडेबाराच्या वर राहतो. अशा पदार्थावर आम्ल पडले की काय होणार हे शाळेतल्या प्रयोगशाळेत शिकवलेले असते. हायड्रोक्लोरिक आम्लाने त्याचे कॅल्शियम क्लोराइड होते, ते पाण्यात विरघळून वाहून जाते आणि खाली खडी उघडी पडते. सल्फ्युरिक आम्लाने जिप्सम होते. ते फुगते, पोपडे धरते आणि गळून पडते. टोल्युइन किंवा मिथिलीन क्लोराइडसारखी द्रावके काँक्रीटला खात नाहीत, सरळ छिद्रांतून आणि आकुंचनाच्या बारीक तड्यांतून खाली उतरतात. त्यात मिथिलीन क्लोराइड पाण्यापेक्षा जड, त्यामुळे ते भूजलात तळाशी जाऊन बसते आणि तिथून काढणे महाकठीण. घट्ट, कमी पाण्याचे, सिलिका फ्यूम घातलेले काँक्रीट ओतले तर लेपाची गरज काय, असे स्थापत्य अभियंते विचारतात. अशा काँक्रीटमध्ये द्रव सावकाश झिरपतो हे खरे. पण सिमेंट अल्कधर्मीच राहते, आम्लाशी त्याचे वैर मिटत नाही. आणि इतकी मोठी फरशी ओतल्यावर कुठेच तडा जाणार नाही, असे लिहून देणारा ठेकेदार मला तरी माहीत नाही.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्स्टन शहराजवळ ९ जानेवारी २०१४ रोजी माल असाच झिरपून निसटला. फ्रीडम इंडस्ट्रीज या कंपनीच्या टाकीतून कोळसा धुण्यासाठी वापरले जाणारे एमसीएचएम नावाचे रसायन गळले. परिसराला भिंत होती, पण ती पोकळ काँक्रीट ठोकळ्यांची आणि तडे गेलेली. टाक्या उभ्या होत्या खडी-मातीवर. रसायनाला भिंत ओलांडावीही लागली नाही. ते जमिनीतून आणि शेजारच्या जीर्ण भूमिगत गटारातून एल्क नदीत गेले. शहराच्या पाणीपुरवठ्याची उपसा जागा प्रवाहाच्या खालच्या अंगाला जेमतेम अडीच किलोमीटरवर होती. सुमारे तीन लाख लोकांना नळाचे पाणी वापरू नका, असे सांगावे लागले. त्याआधी ११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमधल्या बन्सफील्ड तेल साठ्यात पेट्रोलची टाकी भरून वाहिली, स्फोट झाला आणि आग कित्येक दिवस चालली. तिथले बांध खरोखरीचे काँक्रीटचे होते. तरीही इंधन आणि अग्निशामक फेस भूजलात पोहोचला, कारण सांध्यांतले भरण उष्णतेने निकामी झाले आणि भिंतीतून जाणाऱ्या पाइपांभोवतीच्या फटी उघड्या पडल्या. दोन्ही ठिकाणी आकारमानाचा प्रश्न दुय्यम होता. माल मावला असता, पण थांबला नाही.

थांबवणारा लेप निवडताना मात्र आपल्याकडे फार ढोबळपणा चालतो. निविदेत ‘इपॉक्सी पेंट, दोन हात’ एवढेच लिहिलेले असते. साधे बिस्फेनॉल इपॉक्सी कॉस्टिक सोड्याला चांगले तोंड देते. ९८ टक्के सल्फ्युरिक आम्लापुढे काळे पडून जळते. त्यासाठी नोव्होलॅक इपॉक्सी लागते, कारण तिच्या रेणूंची वीण जास्त दाट असते. सोडियम हायपोक्लोराइट किंवा इतर ऑक्सिडीकारकांसाठी बहुधा व्हिनाइल एस्टर निवडतात, पण ते घट्ट होताना आकसते आणि लावताना स्टायरीनचा वास डोक्यात जातो. पॉलियुरिया काही सेकंदांत घट्ट होते, ताणले जाते, बारीक तड्यांवरून पूल बांधल्यासारखे राहते. तीव्र आम्लापुढे मात्र नांगी टाकते. आणि इथेच तासांचा हिशोब येतो. सततच्या बुडण्याला टिकणे वेगळे आणि सांडल्यावर काही काळ टिकणे वेगळे. डाइकच्या लेपासाठी या धंद्यात ७२ तासांच्या संपर्काची कसोटी सर्रास वापरतात, आणि ती पोरकट नाही: शुक्रवारी रात्री सांडलेला माल सोमवारी सकाळी पंप लावून उचलता यावा, एवढी ती मुदत आहे. खर्चाच्या आक्षेपालाही उत्तर इथेच मिळते. कधीतरी होणाऱ्या अपघातासाठी टाकीच्या आतल्या अस्तराइतका महाग लेप कशाला, असे हिशोबनीस विचारतात. तेवढा महाग लागतच नाही. तीन दिवस टिकणारा लागतो. मात्र ते तीन दिवस कोणत्या रसायनाचे, किती टक्के तीव्रतेचे आणि किती तापमानाला, हे निविदेत लिहावे लागते.

कोकणातल्या औद्योगिक वसाहतींना, लोटे काय किंवा महाड काय, यात पावसाचा वेगळा अध्याय जोडावा लागतो. पावसाळ्यात तीन मीटरच्या घरात पाणी पडते, म्हणजे मीटरभर उंचीची उघडी डाइक भरली की उपसली, तरी हंगामात तीनदा काठोकाठ भरेल. साचलेल्या पाण्यात तीव्र सल्फ्युरिक आम्ल सांडले तर ते जड असल्याने तळाशी जाते, मिसळताना प्रचंड उष्णता सोडते आणि सौम्य होते. तीव्र आम्ल साध्या पोलादाच्या टाकीत साठवता येते, सौम्य आम्ल त्याच पोलादाला खाते. म्हणजे लेप ज्या आम्लासाठी निवडला ते आम्ल डाइकमध्ये उरतच नाही, उरते त्याचे गरम, सौम्य रूप. लेप लावायलाही हीच हवा आड येते. नव्या काँक्रीटला साधारण २८ दिवस मुरू द्यावे लागते, पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश वर असावे लागते, आणि ओल तपासायला प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून सोळा तासांनी त्याखाली घाम दिसतो का ते पाहतात. इतका साधा उपाय, पण जुलैत मुदत गाठण्याच्या घाईत हाच पहिल्यांदा गाळला जातो. मग लेपाखाली वाफेचे फोड येतात आणि दोष पेंटच्या डब्याला दिला जातो.

सर्वांत गंभीर आक्षेप लेपाच्याच विरोधातला आहे. उघडे काँक्रीट तडकले तर दिसते. लेपाखालचा तडा दिसत नाही, आणि गुळगुळीत हिरव्या फरशीमुळे सगळे ठीक असल्याचा भास होतो. मला हा आक्षेप मान्य आहे. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून उतरलेले आम्ल वाळवीसारखे आडवे पसरते. वरचे कवच शाबूत आणि खाली भुगा. पण त्यासाठी लेप टाळणे म्हणजे दारामागे चोर लपतो म्हणून दारच काढून टाकणे झाले. हलणाऱ्या सांध्यांवर कडक लेप न ओढता तिथे लवचीक भरण द्यावे, भिंत आणि फरशीचा काटकोन गोलाई देऊन मोडावा, पंपाच्या चौथऱ्यांचे आणि पाइप जातात तिथले कोपरे हाताने जाड करावेत. लेप घट्ट झाल्यावर उच्च दाबाच्या विजेच्या ब्रशने सारी फरशी झाडून काढतात. जिथे छिद्र तिथे ठिणगी उडते आणि खडूची खूण होते. पुढच्या वर्षांत तेवढेही यंत्र लागत नाही. पावसाळ्याआधी एक माणूस लहान हातोडी घेऊन फरशी ठोकत फिरतो. घट्ट जागी टणटणीत आवाज येतो. जिथे बद्द आवाज येतो, तिथला लेप वरून कितीही चकचकीत असला तरी कापून खाली पाहावे लागते.