ताशी किती आणि सेकंदाला किती?

शेर हा शब्द आपल्याकडे पूर्वी दोन कामे करीत असे. एक वजनी शेर, ऐंशी तोळ्यांचा. आणि दुसरा मापी शेर, ज्याचे चार भरले की पायली होई. मापी शेरभर बाजरी एका पारड्यात आणि मापी शेरभर पोहे दुसऱ्यात घातले, तर पारडे कोणीकडे झुकेल हे सांगावयास पदार्थविज्ञान शिकावे लागत नाही. माप जागा मोजते, तागडी वस्तुमान मोजते. हा भेद ध्यानात ठेवला, तर आजच्या विषयाचा अर्धा भाग झालाच असे समजावे.

उरलेला अर्धा भाग घड्याळाचा. ठराविक वेळात किती वस्तुमान एखाद्या ठिकाणाहून पुढे जाते, याला वस्तुमान प्रवाहदर म्हणतात. शब्द जड आहे, वस्तू घरातली आहे. स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. तो एखाद्या घरी चाळीस दिवस पुरला, तर त्या घराचा दर दिवसाला ३५५ ग्रॅम. हाच दर सेकंदाच्या हिशेबाने मांडला तर सुमारे चार मिलिग्रॅम होतो. आकडा खरा आहे, पण गृहिणीच्या काय उपयोगाचा? म्हणूनच प्रत्येक धंद्याने आपापल्या सोयीचे एकक धरले आणि एका धंद्यातील आकडा दुसऱ्यात नेताना रूपांतर करणे भाग पडले.

साखर कारखान्याचे उदाहरण घेऊ. कारखाना २,५०० टनी आहे असे आपण म्हणतो, तेव्हा दिवसाला २,५०० टन उसाचे गाळप असा त्याचा अर्थ. ताशी किती? चोवीसांनी भागले की सुमारे १०४ टन. सेकंदाला किती? १०४ टन म्हणजे १,०४,००० किलो. त्याला ३,६०० ने भागले की जवळजवळ २९ किलो. म्हणजे घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला मोठ्या धान्याच्या पोत्याच्या निम्म्याहून अधिक ऊस आत जातो! येथे गुणावे की भागावे, असा विद्यार्थ्यांना हमखास घोटाळा पडतो. वेळेचे एकक लहान झाले की तेवढ्या वेळात जाणारा मालही कमी, म्हणून भागावयाचे. वेळेचे एकक मोठे झाले की गुणावयाचे. वजनाचे एकक मात्र उलट चालते: किलोंचे ग्रॅम केले की आकडा फुगतो. अंश आणि छेद वेगवेगळे रूपांतरित करावेत, दोन्ही कामे एका दमात करू नयेत, असे आमचे मत आहे.

यातही एक मेख आहे. गिरणी दिवसातून दोन तास बंद राहिली, तर तेच २,५०० टन बावीस तासांत गाळावे लागतात आणि ताशी दर ११३ टनांच्या वर जातो. तेव्हा ‘दिवस’ किती तासांचा धरला हे आधी विचारावे. टनही एक नव्हे. मेट्रिक टन १,००० किलोंचा, इंग्रजी टन २,२४० पौंडांचा म्हणजे १,०१६ किलोंचा, अमेरिकी टन २,००० पौंडांचा म्हणजे ९०७ किलोंचा.

पावसाळ्यात धरणातून इतके क्यूसेक पाणी सोडले, असे आपण वाचतो. क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अर्थात २८.३ लिटर. हे मापी शेराचे भावंड आहे, वजनी शेराचे नव्हे. पाण्याचा लिटर जवळजवळ किलोभर भरतो, म्हणून एक क्यूसेक पाणी सेकंदाला २८ किलो, ताशी सुमारे १०२ टन. पण मळीचा लिटर १.४ किलोच्या आसपास असतो. तिचा एक क्यूसेक प्रवाह सेकंदाला ४० किलोंच्या घरात जाईल. घनतेचा आकडा हाती नसता आकारमानावरून वस्तुमान काढू पाहणे व्यर्थ.

विमानाचे इंधन वजनावर मोजतात, कारण उष्णतेने इंधन फुगते, पण त्याचे वस्तुमान आणि त्यातली शक्ती बदलत नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले होते. इंधनमापक चालत नव्हते. टाक्यांत प्रत्यक्ष माप घेतले, तेव्हा ७,६८२ लिटर इंधन निघाले. हवे होते २२,३०० किलो. लिटरांचे किलो करण्यासाठी १.७७ हा गुणक वापरला गेला. परंतु तो पौंडांचा होता, किलोंचा गुणक सुमारे ०.८०. त्यामुळे ६,१७० किलो इंधन कागदावर १३,५९७ किलो झाले आणि २०,००० लिटरांऐवजी सुमारे ४,९१७ लिटर भरून विमान सुटले. ओटावाला पुन्हा माप घेतले, पण गुणक तोच. आणि विमानातील यंत्राला तर २२,३०० किलो हाच आकडा दिलेला होता! प्रत्यक्षात टाक्यांत २२,३०० पौंड, म्हणजे सुमारे १०,१०० किलो होते. समजा ताशी ४,५०० किलो इंधन जळते. तर वैमानिक पाच तासांचा हिशेब धरून बसले होते आणि पुरणार होते सव्वादोन तास.

वाटेतच दोन्ही इंजिने बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन आणि मॉरिस क्विंटाल यांनी ते अवजड विमान घारीसारखे तरंगत खाली आणले आणि मॅनिटोबातील गिमली येथील हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरविले. आत ६९ माणसे होती, सर्व वाचली. विमान दुरुस्त करण्यात आले आणि ते पुढे २००८ पर्यंत सेवेत होते.