सरावलेला मेंदू, वाया गेलेला इशारा

अतिदक्षता विभागात नव्याने रुजू झालेली परिचारिका पहिल्या रात्री मॉनिटरच्या प्रत्येक आवाजाला धावते. महिनाभरात ती निम्म्या आवाजांकडे मान वळवूनही पाहत नाही. बहुतेक वेळा रुग्णाच्या बोटावरची क्लिप निसटलेली असते, हे तिला ठाऊक झालेले असते. वैद्यकात याला ‘अलार्म फटीग’ म्हणतात. एखाद्या रात्री मात्र तोच आवाज खरा असतो.

संगणकावर आणि मोबाइलवर हेच घडते. ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ अशी पाटी येते आणि बोट सवयीने ‘पुढे जा’वर पडते. त्याला निष्काळजीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून असे इशारे पुन्हापुन्हा दाखवले. दुसऱ्याच खेपेला दृश्याचा अर्थ लावणाऱ्या मेंदूच्या भागांचे काम ठळकपणे घटले. डोळे पाटीवर होते. मेंदू ‘हे पाहिलेले आहे’ म्हणून पुढे सरकला होता. इशाऱ्याचे रूप दर वेळी थोडे बदलले, तेव्हा ही घसरण कमी झाली. सरावणे हा मेंदूचा दोष नाही. ते नसते, तर पंख्याची घरघर आणि अंगावरच्या सदऱ्याचा स्पर्श यांनीच माणूस हैराण झाला असता.

म्हणून सुरक्षेची साधने घडवणाऱ्यांना माणूस आहे तसा धरून चालावे लागते. १९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी ‘पीजीपी ५.०’ हे ईमेल कुलूपबंद करणारे सॉफ्टवेअर १२ जणांच्या हाती दिले. दीड तासात जेमतेम एक तृतीयांश लोकांना ते नीट वापरता आले. तिघांनी तर गुप्त मजकूर चुकून उघडाच पाठवला. कुलूप भक्कम होते, पण ते लावायचे कसे हे कळत नव्हते.

‘गूगल क्रोम’चे उदाहरण त्याहून बोलके आहे. २०१३ च्या एका अभ्यासात संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रात गडबड असल्याचा इशारा क्रोमवर सुमारे ७० टक्के वेळा ओलांडला गेला, फायरफॉक्सवर सुमारे ३३ टक्के वेळा. माणसे तशीच, फरक बराचसा पाटीचा. मग एड्रियन पोर्टर फेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाटी नव्याने रचली. मजकूर आटोपशीर केला, ‘मागे फिरा’चे बटण ठळक केले आणि पुढे जाण्याची वाट एका आडबाजूच्या दुव्यामागे ठेवली. मागे फिरणारे जवळपास ३० टक्क्यांनी वाढले. धोका नेमका काय, हे लोकांना समजावण्याचा मूळ हेतू मात्र फसला आणि संशोधकांनी तसे आपल्या निबंधात सरळ लिहिले.

डॉक्टरांना यात फारसे नवल वाटू नये. भूल देण्याच्या यंत्रावर ऑक्सिजनच्या जागी नायट्रस ऑक्साइडचा सिलिंडर बसतच नाही. खिट्ट्यांच्या जागाच वेगळ्या असतात. थकलेल्या माणसाला दर वेळी लेबल वाचायला सांगण्यापेक्षा हे कितीतरी बरे. समजावणे सोडू नये, पण सगळा भार त्यावर टाकू नये. पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्हच घ्या. त्याचा अर्थ फक्त देवाणघेवाण कुलूपबंद आहे एवढाच. समोरचा प्रामाणिक आहे असा नव्हे. गूगलच्या २०२१ च्या पाहणीत हा नेमका अर्थ अवघ्या ११ टक्के लोकांना सांगता आला. २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्ह काढून टाकले.

आपल्याकडे ‘पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही’ ही सूचना वर्षानुवर्षे दिली गेली. तरी भामटे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवत, ‘पिन टाका, पैसे जमा होतील’ असे फोनवर सांगत आणि खाते रिकामे होई. अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद करण्यात आली. व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या मागण्या तेव्हा चालू ठेवण्यात आल्या. पिन टाकण्यापूर्वी नाव आणि रक्कम वाचावी लागतेच.