वाढते वय आणि पुरुषाची प्रजननक्षमता

धाराशिव जिल्ह्यातील कळंब, भूम, परंडा अशा कोरडवाहू भागांत शेतकरी मुलांची लग्ने तिशीपलीकडे लांबू लागल्याने, पुरुषाला बाप होण्यासाठी वयाची आडकाठी नसते हा रूढ समज तपासून पाहणे अगत्याचे झाले आहे. स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो, तर पुरुषाच्या वृषणांत शुक्राणू सुमारे 74 दिवसांच्या चक्राने आयुष्यभर तयार होत राहतात. परंतु प्रत्येक पेशीविभाजनात जनुकांची नक्कल होताना काही चुका राहून जातात आणि वयाबरोबर त्या साचत जातात. चाळिशीनंतर शुक्राणूंची हालचाल मंदावते, त्यांतील डीएनए, म्हणजे आनुवंशिक माहितीचा धागा, अधिक प्रमाणात तुटलेला आढळतो, गर्भधारणेस वेळ लागतो आणि गर्भपाताचा धोकाही काहीसा वाढतो. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरकही दरवर्षी साधारण 1 टक्क्याने घटत जाते. वृषणे शरीरापेक्षा 2 ते 3 अंशांनी थंड राहावी लागत असल्यामुळे दीर्घकाळची उष्णता त्यांना मानवत नाही, आणि तंबाखूचे व्यसन त्या हानीत भर घालते. तरीही मूल न झाल्याचा दोष सुनेच्याच माथी मारला जातो, हा उघड अन्याय आहे. कारण वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहत नसेल, तर पत्नीच्या तपासण्यांबरोबरच पतीची वीर्यतपासणीही करून घ्यावी. ती साधी, वेदनारहित आणि तुलनेने स्वस्त असते.